सात सीटांची गाडी घ्यायची? मग मागून पाहायला सुरुवात करा

आमच्याकडे विदर्भात गाडी पसंत करायला गेलं की लोक आधी बोनेट पाहतात, मग अलॉय, मग सनरूफ उघडून पाहतात, अन् तिसरी रांग पाहायची राहूनच जाते. ती दिसते डायरेक्ट लग्नाला निघताना, घरातलं सातवं माणूस मागं गुडघे छातीला लावून बसतं अन् कारंज्याच्या अलीकडंच म्हणते, "थांबव बापा, पायाले मुंग्या आल्या." तोपर्यंत १८-२० लाख गेलेले असतात. म्हणून राजेहो, सात सीटांची गाडी पाहायची तर मागच्या दारापासून सुरुवात करा अन् बोनेट सगळ्यात शेवटी पाहा, एवढंच सांगायसाठी हा सगळा पसारा मांडून राहिलो.

आधी घरचा हिशोब करा. सीट किती हा प्रश्न नंतर, मागं कोण बसणार हा पहिला. दोघं भाऊ, दोघी जावा, तीन-चार लेकरं अन् आईबाबा, असं घर असलं तरी रोज काय सगळे एकत्र फिरत नाहीत. रोज गाडीत दोघंच, तालुक्याला बँक नाहीतर कृषी केंद्र. पूर्ण भरते ती लग्नसराईत, शेगावच्या दर्शनाला, नाहीतर कोणाला सेवाग्राम-सावंगीला दवाखान्यात न्यायचं असलं तेव्हा. तुमची तिसरी रांग अशी सणावाराची असेल अन् तिथं लेकरंच बसणार असतील तर बऱ्याच गाड्या चालतात. पण मोठी माणसं बसणार असतील, तेही नागपूर-पुण्याच्या लांब पल्ल्याला, तर निम्म्या गाड्या यादीतून तिथंच कटतात, मग त्यांची जाहिरात कितीही भारी असो.

तिसरी रांग अडचणीची का असते हे एकदा समजून घ्या, म्हणजे सेल्सवाल्याच्या बोलण्यात येणार नाही. मागच्या सीटच्या खाली मागचा एक्सल असतो, सस्पेन्शन असते, जवळच डिझेलची टाकी असते, त्यामुळं तिथली जमीनच उंच होते. जमीन उंच पण छत तेवढंच, मग सीट खाली बसवतात, अन् माणूस उकिडवा बसल्यासारखा बसतो, गुडघे वर अन् मांडीखाली सीटचा टेकाच नाही. अर्ध्या तासानं कंबर धरते. ह्यावर उपाय एकच, पुढच्या अन् मागच्या चाकांमधलं अंतर वाढवणं, ज्याला व्हीलबेस म्हणतात. इनोव्हा हायक्रॉसचा व्हीलबेस २८५० मिलिमीटर, एक्सयूव्ही ७०० चा २७५०. कागदावर फरक १०० मिलिमीटरचा, पण ज्याचे गुडघे पुढच्या सीटला लागून राहिले त्याला विचारा.

दुसरी गोष्ट सरकारच्या टॅक्सची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या गाडीला, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के जीएसटी, अन् त्याच्या वरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. म्हणून कंपन्या तीन रांगा ४ मीटरात कोंबतात. ट्रायबर तशीच, बोलेरो अन् बोलेरो निओ तशाच. स्वस्त पडतात, वाईट गाड्या नाहीत, पण ४ मीटरात इंजिन पण बसवायचं, सात माणसं पण बसवायची अन् बॅगा पण, हे गणित जमतच नाही, कोणाच्या तरी वाट्याला कमी येणारच. ट्रायबरमध्ये सातही सीट लावल्या तर डिक्की उरते ८४ लिटर, म्हणजे एक मध्यम बॅग अन् वर लेकराचं दप्तर. तिच्या मागच्या सीटा काढून घरी ठेवता येतात ही सोय मात्र खरंच डोक्यानं केलेली आहे, तेव्हा डिक्की ६२५ लिटरची होते.

आता शोरूमला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. घरातला सगळ्यात उंच माणूस, गुडघेदुखीवाली आई अन् लहान लेकरू, तिघंही न्या. आधी उंच माणसाला ड्रायव्हर सीटवर बसवा अन् त्याच्या सोयीनं सीट मागं घ्या. मग त्याच्या मागं दुसऱ्या रांगेत मोठं माणूस बसवा, त्यालाही नीट जागा होईल अशी सीट सरकवा. आता जी जागा उरली ती खरी तिसरी रांग. सेल्सवाला काय करते, पुढच्या दोन्ही सीटा आधीच पुढं ओढून ठेवते, मागं हवेली दिसते. तुम्ही स्वतः मागं शिरा, गुडघा अन् समोरच्या सीटमध्ये मूठ जाते का पाहा, पुढच्या सीटखाली पायाचा पंजा शिरते का पाहा, डोकं छताला लागते का पाहा, अन् तिथंच बसून त्याच्याशी पंधरा-वीस मिनिटं किमतीची घासाघीस करा. तो पुढं उभा राहील, तुम्ही मागं बसा. उठताना कंबरेनं काय सांगितलं ते लिहून ठेवा.

मागं शिरायची वाट पण पाहायची. दुसऱ्या रांगेत बाकडं असेल तर ते दुमडून चढावं लागते, अन् साडी नेसलेल्या बाईला ते किती कठीण जाते हे गाडी डिझाईन करणाऱ्याच्या घरी कोणी सांगितलेलं दिसत नाही. मधे दोन वेगळ्या खुर्च्या असतील, ज्याला कॅप्टन सीट म्हणतात, तर बऱ्याच गाड्यांत मधल्या फटीतून लेकरं सुरकन मागं जातात. पण एक सीट कमी होते, सातची सहा. माझं मत विचाराल तर घरात म्हातारी माणसं दोन अन् लेकरं दोन असतील तर सहा सीटवाली बरी, बुढा-बुढीला हात टेकवायला दोन्हीकडं आर्मरेस्ट मिळते. लेकरं तीनच्या वर असतील तर बाकडंच घ्या, सोयरे पण येतातच.

आता आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट, एसी. पुण्याच्या माणसानं केलेला रिव्ह्यू पाहून विदर्भात गाडी घेऊ नका बाप्पा. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ४५ च्या पुढं जाते, अन् उन्हात उभी गाडी आतून भट्टी झालेली असते. तिसऱ्या रांगेची काच बहुतेक गाड्यांत उघडतच नाही, म्हणजे तिथं बसलेल्याला एसीशिवाय दुसरा आधार नाही. मागं जाळी दिसली म्हणजे एसी आहे असं नसते. काही गाड्यांत मागं फक्त पंखा असतो, तो पुढं थंड झालेली हवा ओढून मागं फेकते, काहींत मागच्यांसाठी हवा थंड करणारं कॉइलच वेगळं असते. दुसरी पद्धत कधीही चांगली. सेल्सवाल्याला नीट सांगता येणार नाही, म्हणून टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी दोनला घ्या, गाडी आधी अर्धा तास उन्हात उभी ठेवायला सांगा, सगळे बसा, अन् मागच्याला विचारत राहा गार लागून राहिलं का. पुढच्याला थंडी वाजून राहिली अन् मागचं लेकरू घामानं चिंब, अशी गाडी आपल्या कामाची नाही. अन् ते पॅनोरामिक सनरूफ... लेकरं हट्ट करतात हे खरं, पण आपल्याकडं उन्हाळ्याचे चार महिने ते झाकूनच ठेवावं लागते, वर छताची इंच-दोन इंच उंची जाते अन् चालत्या गाडीतून लेकरं डोकं बाहेर काढतात ते वेगळंच टेन्शन. पैसे वाचत असतील तर त्याच्या खालचं मॉडेल घ्या.

लेकरांची गोष्ट निघालीच तर बेल्टचं पण बोलू. १४ वर्षांखालच्या लेकराला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेला. दंड जाऊ द्या, पण बोलेरोसारख्या गाडीत मागं समोरासमोर आडव्या सीटा असतात, त्यावर लेकरं बसवून हायवेला जाऊ नये हे माझं स्पष्ट मत आहे, कारण बेल्ट अन् सीट दोन्ही समोरून येणाऱ्या धक्क्याचा विचार करून बनवतात, आडव्या बसलेल्या माणसाला ब्रेक लागला की तो बाजूला फेकला जाते. गावातल्या गावात, वावरात ठीक आहे. फाइव्ह स्टार, फाइव्ह स्टार सगळे म्हणतात, भारत एनसीएपी, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी आपल्याकडची चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली तेव्हापासून तर जास्तच, पण त्या समोरच्या धडकेच्या चाचणीत मोठ्यांचे पुतळे पुढं बसवतात अन् लेकरांचे दुसऱ्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कोणी नसते. म्हणून स्टार पाहाच, पण सोबत हेही विचारा की पडद्यासारखी बाजूची एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येते का, मागं हेडरेस्ट अन् तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट आहे का. चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक जास्त करून दुसऱ्या रांगेत असतात, म्हणजे चाइल्ड सीट तिथं लावली की मागं जायची एक वाट बंद झाली, हेही शोरूममध्येच करून पाहा.

अन् हो, मागं बसलेलं लेकरू उलटी जास्त करते. एक्सलच्या वर नाहीतर मागं बसलं की हेलकावे जास्त बसतात. चिखलदऱ्याच्या घाटात हे कळते.

सामान. सात माणसं बसली की डिक्की जवळपास संपते हे नव्वद टक्के लोकांच्या लक्षात येत नाही. अर्टिगात सात सीट लावून २०९ लिटर उरते, कॅरेन्समध्ये २१६, अल्काझारमध्ये १८०, हायक्रॉसमध्ये ३००. स्कॉर्पिओ-एन एवढी धिप्पाड दिसते पण तिसरी रांग उभी केली की मागं बॅग उभी ठेवायचेही वांदे. लग्नाला सात जण म्हणजे सात बॅगा, आहेराचे डबे, पाण्याची कॅन. मग वर कॅरियर लागते, अन् वर वजन ठेवलं की गाडी वळणावर झुकते, मायलेज पण पडते. घरून रिकाम्या बॅगा घेऊन जा शोरूमला, हसणारे हसोत.

वजनाचंही सांगतो. सरासरी ६५ किलोनं सात माणसं म्हणजे ४५५ किलो, वर सामान, म्हणजे पाच क्विंटल होतेच. एवढं वजन पडलं की गाडी मागून बसते, कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा असतो हे विसरू नका, गावातल्या स्पीड ब्रेकरला खालून घासलं की कळते. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असते, त्यावर रिकाम्या गाडीची टायरमधली हवा वेगळी अन् भरलेल्या गाडीची वेगळी लिहिलेली असते. समृद्धीवर जाणार असाल तर हे पाहूनच जा. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता, काँक्रिट तापलेलं, १२० ची मर्यादा, गाडी भरलेली अन् टायर जुने, ह्यात टायर फुटायचा धोका वाढते. हवा टायर थंड असताना भरायची, अन् टायरवर चार आकडे असतात ते वाचायचे, २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. सेकंड हँड गाडी घेताना तर हे आधी.

आता चेसिस. स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर ह्या गाड्यांना खाली लोखंडी सांगाडा वेगळा असते अन् वर बॉडी बसवलेली असते, जसा बैलबंडीचा साटा वेगळा अन् वर बांधलेल्या तुराट्यांच्या ताट्या वेगळ्या. एक्सयूव्ही ७००, सफारी, हायक्रॉस, अर्टिगा, कॅरेन्स ह्यांची बॉडी अन् सांगाडा एकजीव. पहिल्या प्रकारच्या गाड्या खड्ड्यात, दगडात, ओव्हरलोडमध्ये मार खाऊन टिकतात, पण जमीन उंच असल्यानं चढायला त्रास अन् मागं हेलकावे. दुसऱ्या प्रकारच्या हायवेला गप्प चालतात अन् आत जागा जास्त देतात. घरापर्यंत डांबर किंवा सिमेंट रस्ता असेल तर दुसरी घ्या. रोज पांदणीनं वावरात जायचं असेल तर पहिली.

पांदणीवरून आठवलं, पहिल्या प्रकारच्या गाड्यांत ओढ मागच्या चाकांना असते, दुसऱ्या प्रकारात जास्त करून पुढच्या. सात माणसं बसली की वजन मागं जाते, पुढची चाकं हलकी होतात, म्हणून ओल्या चढावर पुढून ओढणारी गाडी चाक फिरवत बसते अन् मागून ढकलणारी निघून जाते. पण काळ्या मातीसमोर कोणाची मिजास चालत नाही. एका पावसात ती टायरच्या नक्षीत अशी भरते की टायर गोटा होऊन जाते, मग चारही चाकांना ओढ असलेली फोर बाय फोर असू द्या नाहीतर काही, हायवेच्या टायरवर ती पण बसते, अन् शेवटी शेजाऱ्याचं ट्रॅक्टरच आणावं लागते. नुसत्या चिखलासाठी फोर बाय फोरचे दोन-अडीच लाख जास्त देण्यात मला अर्थ दिसत नाही, पावसाळ्यात वावरात मोटारसायकल नाहीतर पायी जा. गाडी ओढून काढायचा टो हुक कुठं लागते ते मात्र डिलिव्हरीच्या दिवशीच पाहून ठेवा.

डिझेल की पेट्रोल, ह्यावर पारावर रोज भांडणं होतात. पहिले डोळे झाकून डिझेल होतं, आता नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला, तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ म्हणतात. ती साफ व्हायला गाडी हायवेला एका वेगात वीस-पंचवीस मिनिटं चालावी लागते, म्हणजे गाळणी तापून काजळी जळते. रोज गाव ते तालुका ८-१० किलोमीटर, तेही थांबत थांबत, अशी चालली तर गाळणी चोक होते, डॅशबोर्डवर लाइट लागते, अन् दुर्लक्ष केलं तर खर्च मोठा. बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांत अ‍ॅडब्लू, म्हणजे धूर साफ करणारं पातळ औषध, पण भरावं लागते, ते संपलं की गाडी एकदा बंद केल्यावर परत सुरूच होत नाही. म्हणून महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर अन् त्यात हायवे असेल तरच डिझेल. सात जण भरून घाट चढताना डिझेलची जी ताकद आहे ती मात्र खरी. कमी फिरणं असेल तर पेट्रोल. सीएनजीची अर्टिगा स्वस्तात फिरते, पण टाकी डिक्कीत बसते अन् पंप मोठ्या गावातच, तिथं रांग. दिल्लीत डिझेल गाडीला १० वर्षांची मर्यादा घातली होती म्हणून इथं घाबरू नका, तो तिकडचा नियम, आपल्याकडं १५ वर्षांनी फिटनेस करून नोंदणी वाढवता येते.

इलेक्ट्रिक मध्ये पण तीन रांगा आल्यात आता, कियाची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही, महिंद्राची एक्सईव्ही ९एस. रोजचं फिरणं ठरावीक अन् घरी लाइट भरवशाची असेल त्यानं पाहावं.

शोरूममध्ये कोणी सांगत नाही अशा दोन गोष्टी. मोठ्या गाड्या साडेचार मीटरच्या पुढं असतात, सफारी ४६६८ मिलिमीटर, तर घरची गल्ली, फाटक अन् वळण टेप लावून मोजा. अन् उंदीर. कापसाच्या सीझनमध्ये घरात कापूस भरला असेल अन् गाडी त्याच ओसरीत उभी असेल तर बोनेटखाली उंदीर घर करतात अन् वायरिंग कुरतडतात, सेन्सरवाल्या नवीन गाडीत ते बिल पाहून डोळे फिरतात. जाळी लावा, गाडी थोडी दूर उभी करा.

मग कोणती घ्यायची? मोठी सात माणसं लांब जाणार असतील तर आजही इनोव्हा, क्रिस्टा असो नाहीतर हायक्रॉस, परवडत असेल तर जास्त डोकं लावू नका. दोन-तीन मोठे अन् बाकी लेकरं असतील तर अर्टिगा किंवा कॅरेन्समध्ये काम भागते, फक्त गावात कोणी वळून पाहणार नाही. पाच जण आरामात अन् मागं कधीमधी लेकरं, वर हायवे जास्त, तर एक्सयूव्ही ७०० (नवीन घ्याल तर तिच्या जागी आलेली ७एक्सओ) नाहीतर सफारी. रस्ता खराब अन् रुबाब पाहिजे तर स्कॉर्पिओ-एन. रुबाबाला मी नावं ठेवत नाही, पोराचं लग्न जमवायचं असलं की दारातली गाडी पाहुणे पाहतातच, पण रुबाबाचे किती अन् सीटचे किती हे घरात उघड बोलून घ्या.

पैशाचं शेवटी. एक्स-शोरूम किंमत म्हणजे गाडी घरी आली असं नाही. महाराष्ट्रात आरटीओ टॅक्स डिझेलला पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त. १० लाखांच्या वरच्या गाडीवर शोरूमवाला १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ कापलेला इन्कम टॅक्स, घेते, १६ लाखांच्या गाडीवर १६ हजार. हे पैसे परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून आपले लोक रिटर्न भरतच नाहीत अन् ते १६ हजार तसेच सरकारकडं पडून राहतात. पॅन नंबर नीट द्या अन् त्या वर्षी सीएकडं जाऊन रिटर्न भराच. हप्ता महिन्याचा घेण्याआधी सहामाही मिळते का विचारा, पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावर येते, दर महिन्याच्या पाच तारखेला नाही.

इन्शुरन्समध्ये इंजिनचं कव्हर घ्या, नाल्याला पूर असताना गाडी घातली अन् इंजिनात पाणी गेलं तर साध्या पॉलिसीत क्लेम अडकते. सोबत बसणाऱ्यांचा अपघात विमा थोड्या पैशात होते, तो सातही सीटांचा करा. सात म्हणजे ड्रायव्हर धरून सात, आरसीवर तेवढेच लिहिलेले असते, आठवं माणूस मांडीवर घेतलं तरी ते ओव्हरलोडच. अन् लग्नसराईत गावातलं कोणी येऊन म्हणणारच, "भाऊ, डिझेल मी टाकतो, वर दोन हजार घे, गाडी दे." पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं दिली अन् रस्त्यात काही झालं, तर विमा कंपनी पहिले हेच विचारते की भाडं घेतलं होतं का. सोयऱ्याला फुकट द्या नाहीतर सरळ नाही म्हणा.